जागेवरून न उठता बातमीदार कसे व्हावे

पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला, अभिनंदन. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला सहा प्रश्न शिकवतील : काय, कोण, कुठे, कधी, का आणि कसे. पहिले चार पाठ करा, प्रेसनोटमध्ये त्यांची उत्तरं आयती असतात. ‘का’ आणि ‘कसे’च्या मागे लागलात तर बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडलात तर हजेरी भरत नाही.

मुलाखतीचा सराव कुणावर करायचा, हे परंपरेने ठरलेलं आहे. विभागाच्या फाटकाबाहेरचा चहावाला गाठा. दरवर्षीची प्रत्येक तुकडी त्याच्याकडेच येत असल्यामुळे तो तुमच्याहून जास्त तयार असतो. ‘महागाई पाहिजे का बेरोजगारी?’ असं तोच विचारेल, बूम कुठे धरायचा ते दाखवेल आणि वीस सेकंदांचा बाईट वीस सेकंदांत देऊन पुढचा कप भरेल. त्याचं नाव विचारायचं राहिलं तरी बिघडत नाही, ‘एक चहाविक्रेता’ चालतं. आडनावातली वेलांटी पहिली की दुसरी, हे विचारायला रात्री अकराला फोन करणारे उपसंपादक आता फारसे उरलेले नाहीत.

प्रश्न असा करावा की उत्तर त्यातच यावं. ‘पाणी नसल्यामुळे आपले अतोनात हाल झाले असतील, प्रशासनाबद्दल संतापही असेल, तर एकूणच या ठिकाणी काय सांगाल?’ समोरच्या आजींना नुसतं ‘हो ना’ म्हणायचं उरतं. ‘आजी, नळाला पाणी शेवटचं कधी आलं?’ असलं काही विचारू नका. आजी ‘मंगळवारी’ म्हणतील. मग मंगळवारी काय झालं ते बघायला पाणीपुरवठा विभागात जावं लागेल, तिथून पंपाच्या दुरुस्तीची फाईल निघेल, आणि दुरुस्ती लांबल्यापासून गल्लीत येणारे टँकर कुणाचे, इथवर तुम्ही पोचाल. दोन श्रेयांकांच्या विषयासाठी एवढं कुणी सांगितलंय?

पण खरा धोका शांततेचा. अधिकाऱ्याने ठरलेलं उत्तर दिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. अशा वेळी तुम्ही पाच सेकंद गप्प बसलात तर तो आपणहून आणखी एखादं वाक्य बोलेल, आणि बातमी बहुधा त्याच वाक्यात असते. म्हणून श्वास घ्यायच्या आत पुढचा प्रश्न टाकावा. ‘आपले छंद कोणते?’ यासाठी उत्तम. १९७२मध्ये ओरियाना फालाची या इटालियन बाईंनी अमेरिकी मुत्सद्दी हेन्री किसिंजरना असं काही बोलतं केलं, की घोड्यावर बसून एकट्यानेच पुढे निघालेल्या काउबॉयशी ते स्वतःची तुलना करून बसले. पत्रकारांशी झालेल्या संभाषणांतलं हे सगळ्यांत घातक, असं किसिंजरनी पुढे आठवणींत लिहिलं. पाहुण्याला असं अडचणीत आणणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. आपण शाल द्यावी.

कागदांपासून लांब राहावं. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये दिलेला आहे. तो तुम्हाला माहीत असल्याचं कुणाला कळू देऊ नका, नाहीतर ‘पोलिसांनी माहिती दिली नाही’ हे हातचं वाक्य जाईल. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, पण असाइनमेंट परवा द्यायची असते. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेत मांडला जातो, तो दिवस तर रजेचाच समजा. त्यात आकडे असतात. गणित सुटावं म्हणून तर आपण इकडे आलो! शिवाय वसतिगृहाच्या दुरुस्तीसाठी गेल्या वर्षी किती तरतूद होती आणि किती खर्च झाली, हे एकदा कळलं की गळक्या छताखाली झोप लागत नाही.

एक गोष्ट मात्र खरोखरच पाठ करा, इथे थट्टा नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख छापणं गुन्हा आहे. नाव बदललं, पण गाव, शाळा आणि वडिलांचा हुद्दा लिहिला, तर ओळख छापलीच.

आता वर्षातली मोठी असाइनमेंट : सहा जानेवारीचा पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२मध्ये ‘दर्पण’ सुरू केलं तो हा दिवस, त्यामुळे विभागात कार्यक्रम असतोच. बातमी पाच तारखेलाच लिहून टाका. पाहुण्यांनी पत्रकारितेच्या घसरत्या दर्जाबद्दल चिंता व्यक्त केली, तरुणांकडून अपेक्षा आहेत असं सांगितलं आणि विभागप्रमुखांनी प्रास्ताविक केलं, यात फरक पडत नाही. आभार कोणी मानले तेवढी जागा कोरी ठेवा. सकाळी वर्गमित्राला फोन करून कार्यक्रम झाला का, हे विचारून घ्यावं. पाहुणे आलेच नाहीत असं कळलं, तर ‘प्रत्यक्ष’ हा शब्द तेवढा काढा. बाकी मार्गदर्शन राहू द्या.