नारळाचं भाडं

एस.टी.त ड्रायव्हरकी करून निवृत्त झालो, पण विम्याचा कागद कधी हातात धरावा लागला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या 146व्या कलमात राज्य परिवहनच्या गाड्यांना सूट देण्याची सोय आहे. महामंडळाने आपला निधी बाजूला ठेवायचा आणि भरपाई त्यातून भागवायची. त्यामुळे पन्नास माणसं घेऊन गगनबावड्याचा घाट उतरताना इतर सगळे देव आठवले, विमा आठवला नाही. तो आठवला सेकंडहँड आल्टो दारात उभी राहिल्यावर.

एजंट म्हणजे चुलतभावाचा मुलगाच. एरवी मालवणीत बोलतो, पण बॅगेतून फॉर्म काढला की शुद्ध मराठीवर येतो. आता खर्च आहे, हे तेवढ्यावरून घरच्या मांजरालाही कळतं.

"काका, थर्ड पार्टी करायचा की फुल?"

गावात याचं उत्तर ठरलेलं आहे. थर्ड पार्टी. त्याचा दर दिल्लीहून ठरतो. 1000 सीसीच्या आतल्या खाजगी गाडीला जून 2022 पासून तो 2,094 रुपये आहे, जीएसटी वेगळा. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडलात तर दंड 2,000. आमच्या ओटीवर पेपर वाचायला येणारे निवृत्त मास्तर लगेच म्हणाले, "म्हणजे जीएसटी नाही धरला तरी दंड 94 रुपयांनी स्वस्त." तीन महिन्यांच्या कैदेचीही तरतूद आहे, असं एजंटाने सांगितलं. मास्तरांनी विचारलं, "जेवण धरून?"

फुलचं गणित मात्र बसून करावं लागतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यासाठी देशाचे दोन भाग केलेत. मुंबई, पुणे आणि आणखी सहा मोठी शहरं 'अ' विभागात, बाकीचा अख्खा हिंदुस्थान 'ब'मध्ये. 'ब'ला हप्ता थोडा कमी. खेड्यात राहिल्याबद्दल सरकारदरबारी काहीतरी सूट मिळाली याचाच मला केवढा आनंद झाला!

मग गाडीची किंमत. पाच वर्षांपर्यंत ती किती पडते याचा छापील तक्ता असतो. पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, चार वर्षं उलटली की 50. आमच्या गाडीने पाचवं वर्ष केव्हाच ओलांडलेलं, आणि तिथे तक्ता संपतो. पुढे मालक आणि कंपनी यांनी एकमेकांच्या संमतीने भाव ठरवायचा. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरतात, तसलाच हा प्रकार. फक्त इथे रुमाल मोबाइलचा. एजंट बटणं दाबत होता, मी मान हलवत होतो. भाव जास्त धरला तर हप्ता वाढतो, कमी धरला तर आपलीच गाडी आपल्याला भंगार वाटायला लागते.

नो क्लेम बोनसची वेळ आली तेव्हा मी आत जाऊन भिंतीवरचा फोटो काढून आणला. विनाअपघात सेवेबद्दल डेपोत झालेल्या सत्काराचा. एजंटाने तो दोन्ही हातांनी धरून आदराने पाहिला आणि परत दिला. म्हणाला, "काका, हे कंपनी धरत नाही." क्लेम न करता काढलेल्या पहिल्या वर्षाला 20 टक्के, पुढे 25, 35, 45 आणि शेवटी 50. एक क्लेम केला की पुन्हा शून्य. म्हणजे घाटात जन्म घालवलेला ड्रायव्हर आणि परवा लायसन काढलेलं पोर एकाच रांगेत. पोराच्या डोक्यावर केस आहेत, एवढाच काय तो फरक.

मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा हिने स्वतः वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मृत्यू आला तर पूर्ण 15 लाख, दोन हात किंवा दोन पाय गेले तरी पूर्ण, एक हात किंवा एक डोळा गेला तर निम्मे. मी ईपीएस-95च्या पेन्शनीवर जगतो. एवढा मोठा आकडा माझ्या नावापुढे आजवर कुणी लिहिलेला नाही. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मला वाटलं, काळजीने. मग म्हणाली, "वारस म्हणून माझा नाव नीट लिव रे."

काय काय झालं तर पैसे मिळतात ती यादीही ऐकण्यासारखी आहे. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल, संप, दहशतवाद. संपाचं मला सांगू नका, आम्ही स्वतः केलेले आहेत. गाडी लिफ्टमधून नेताना काही झालं तरी भरपाई आहे! आमच्या पंचक्रोशीत लिफ्ट नाही. नारळ आहेत. वांदर आहेत. बॉनेटखाली वायरी कुरतडणारे उंदीर आहेत. नारळ पडला तर बाहेरून झालेला अपघात म्हणून बसतो, असं एजंट म्हणाला. वांदराचं त्याने "बघू" म्हटलं आणि उंदराचं नाव काढल्यावर चहा मागितला. पैसे देतानाही कापाकापी असतेच. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांची निम्मी किंमत वजा. काच मात्र पूर्ण.

"मगे नारळ काचेरच पडांदे," ही म्हणाली.

माझं मन खरं तर थर्ड पार्टीकडेच झुकत होतं. गाडी मोडली तर मोडू दे, एस.टी. आहेच. पण एक गोष्ट आडवी आली. नुसता थर्ड पार्टी असेल तर गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली एका दुचाकीच्या मागे बसलेल्या माणसाच्या खटल्यात तसं सांगून ठेवलंय. फुलमध्ये आत बसलेले धरलेले असतात. आणि माझी गाडी रिकामी जाते कधी? आल्टो मी घेतली, पेट्रोल मी भरतो, पण ती वाडीची आहे. बाजाराला निघालो की फाटकात दोघे तयार असतात. लायसनचं पाच वर्षांनी नूतनीकरण करायला गेलो, तेव्हासुद्धा मागच्या सीटवर एक म्हातारी आणि तिची मोतीबिंदूची फाइल होती. म्हटलं, फुल कर.

मग फॉर्मवर 'वापर' असा रकाना आला. खाजगी. भाडं किंवा मोबदला घेऊन गाडी चालवायची नाही, नाहीतर क्लेम बुडाला. मी पैसे कधीच घेत नाही. पण पावसाळ्यात एका रात्री खालच्या वाडीतल्या बाळंतिणीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. मुलगी झाली. बारशाला त्यांच्याकडून नारळ आले, सोलं आली आणि पुढच्या मोसमात फणसही आला.

"हा मोबदला का?" मी विचारलं.

एजंटाचं पेन थांबलं. त्याने ऑफिसात फोन लावला, स्पीकरवर. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नारळ आधी ठरले होते की मागाहून दिले?"

"मागाहून," मी ओरडलो.

"मग लिहा खाजगी."

मी सही केली. एजंट निघाला, तर त्याची मोटरसायकल सुरू होईना. काळोख पडत होता, म्हणून तिठ्यापर्यंत मीच सोडायला गेलो. त्या मोटरसायकलचा विमा गणपतीतच संपलाय, हे मला वाटेत कळलं. उतरताना तो पुन्हा मालवणीवर आला. डॅशबोर्डवर शंभराची नोट ठेवून म्हणाला, "काकानू, पेट्रोलाक ऱ्हवांदेत."

"उचल ती," मी म्हटलं. "नारळ आसलो तर घरी आणून दी. पण आधी ठरवू नको."