अभ्यागत श्वान आणि स्थायिक मार्जार : घरगुती नियमावली

पुण्या-मुंबईत याला बोर्डिंग म्हणतात आणि रोजाच्या दरानं पैसे घेतात. वाशीम जिल्ह्यात याला 'दोन दिवस पाहता का, भाऊ?' म्हणतात आणि पैशाचा विषय काढणाऱ्याकडे अख्खी गल्ली वाईट नजरेनं पाहते. लग्नसराई लागते, शेजारी सहकुटुंब पुण्याला निघतात, ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये कुत्रा काही चढत नाही. मग तो आपल्या ओट्यावर येतो. सोबत साखळी, स्टीलचं भांडं आणि एक वाक्य : "आमचा रॉकी काहीच करत नाही हो." याला उत्तर एकच : "आमची करते."

मांजर ही घरातली कायम आस्थापनेवरची कर्मचारी आहे. सोयाबीनची पोती घरात पडली की उंदरांचा बंदोबस्त तिच्याकडे असतो. रॉकी आला आहे प्रतिनियुक्तीवर. सेवाज्येष्ठतेचा हा मुद्दा यजमानानं पहिल्या दिवशीच मनाशी पक्का करावा. रॉकीच्या बाजूनं कोणी धर्माचा आधार काढेल. कारंजा लाड ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी आपल्याच जिल्ह्यात आहे आणि दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री म्हणजे चार वेद, असं मानतात. पण षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे, तेव्हा सामना बरोबरीत सुटतो. देवांना यात ओढू नये.

पहिलं काम विभाजनाचं. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून दोन्हीकडे बरं चाललं आहे. तोच न्याय घराला लावावा. एक खोली मांजराच्या नावे करावी. तिथे तिचं पाणी, खाणं, रेतीचा डबा आणि कपाटावर चढायची सोय असावी. दार बंद होणारं हवं. नुसता पडदा कुत्र्याला आमंत्रणासारखा वाटतो. उरलेलं घर रॉकीचं. सीमावाद दोन-तीन दिवस चालेल, त्यात यजमानानं मध्यस्थी करू नये, फक्त दार लावावं.

या मुदतीत वासांची देवाणघेवाण करावी. जुनं फडकं रॉकीच्या अंगावरून फिरवून मांजराच्या ताटलीजवळ ठेवावं, दुसरं तिच्या अंगावरून फिरवून त्याच्या गोधडीत. मांजर फडक्याकडे, मग तुमच्याकडे, मग पुन्हा फडक्याकडे पाहील. फिस्कारली तर दुसऱ्या दिवशी फडकं ताटलीपासून हातभर लांब ठेवावं. फडक्याशेजारी बसून जेवू लागली की निम्मं काम झालं.

समोरासमोर भेट घडवताना कुत्रा दमलेला, जेवलेला आणि पट्ट्यात बांधलेला असावा. मांजराला उचलून त्याच्यापुढे धरण्याची हौस पुष्कळांना असते. असे लोक नंतर हाताला पट्टी बांधून फिरतात. तिला तिच्या पायानं येऊ द्यावं आणि उंचावर जायची वाट मोकळी ठेवावी. ती पळाली की कुत्रा धावणारच, ते त्याच्या रक्तात आहे, म्हणून पट्टा. शेपटीवर लक्ष असावं. मांजराची शेपूट उभी असेल तर सगळं ठीक. ती इकडेतिकडे आपटू लागली तर सभा तहकूब. कुत्रा हलवतो म्हणून तीही खुशीनं हलवते आहे, असा अर्थ काढणारा माणूस दोघांच्याही कामाचा नाही.

जेवण वेगळं. मांजराची ताटली फ्रिजवर ठेवावी. कुत्र्याला तिचं खाणं स्वतःच्या खाण्यापेक्षा चविष्ट लागतं; रेतीच्या डब्यातला ऐवजही त्याला चविष्ट लागतो, पण पुष्कळ लोक जेवता जेवता वाचतात, म्हणून हा विषय इथेच थांबवतो. डबाही त्याच्या तोंडापलीकडे असावा, एवढं पुरे. मांजराला मात्र कुत्र्याच्या खाण्यावर जगवू नये. तिला लागणारं टॉरीन त्यात पुरेसं नसतं आणि ते सतत कमी पडलं की तिचे डोळे आणि हृदय बिघडतं.

मे महिन्यात सगळा वाद कूलरसमोरच्या जागेवर येतो. झुपकेदार केसांचा कुत्रा वऱ्हाडातल्या उन्हात धापा टाकत आला असेल तर माणुसकी म्हणून त्याला कूलरसमोरची फरशी द्यावी. मांजराला कूलरच्या झोतात येणारी खुर्ची द्यावी. आपण अंगणात बाज टाकावी.

आता गमतीचा भाग बाजूला. रॉकी येण्याआधी रेबीजच्या लसीचं कार्ड पाहावं, मांजराचंही तपासावं. रेबीज दोघांनाही होतो. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रीन असतं. ते कुत्र्याला चालतं, मांजराच्या यकृताला पचत नाही. झटके येऊन ती मरू शकते. ते औषध मांजराला लावू नये हे तर झालंच, पण कुत्र्याला ताजं लावलेलं असेल तर वाळेपर्यंत तिला त्याच्या अंगाशी किंवा गोधडीवर जाऊ देऊ नये. ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये. एक गोळीही जीव घेते. आणि रुसून माळ्यावर बसलेली मांजर दिवसभर जेवली नाही तर 'उतरेल भूक लागली की' असं म्हणत बसू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासानं तिच्या यकृतात चरबी साठू लागते, जाड मांजरात तर लवकरच. तिला सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं.

यश कशाला म्हणावं, हेही ठरलेलं असावं. मोबाइलवर कुत्रा-मांजर गळ्यात गळे घालून झोपलेले दिसतात. ते एकत्र वाढलेले असतात. आपल्याकडे रॉकी दाराशी, मांजर कपाटावर आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ केलेली, एवढं जमलं तरी पैकीच्या पैकी गुण. त्यापुढे मैत्रीसाठी खटपट करणारा यजमान दोघांनाही नकोसा होतो.

'दोन दिवसां'चे आठ दिवस झाल्यावर मालक पेढे घेऊन येतील आणि विचारतील, "त्रास तर नाही ना दिला?" नाही म्हणावं. साखळी, भांडं आणि लसीचं कार्ड मोजून परत करावं, आणि त्यांच्या घरातलं पुढचं लग्न कधी आहे ते तिथल्या तिथे विचारून घ्यावं. मांजराला आगाऊ नोटीस लागते.