बायकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात, त्यांचं खरं नाव दोनच ठिकाणी वाचायला मिळतं: त्यांच्या दारावरच्या पाटीवर आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांना जाणाऱ्या नोटिशीखाली. एरवी ते बायकाका. नवा भाडेकरू हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, आपल्याला प्रश्न विचारलाय. 'बायका का? कुठल्या बायका?' असं म्हणून तो बिचारा मागे वळून बघतो.

नाव पडलं ते जिन्यात. शाळेला निघालेली पोरं 'बाय काका!' म्हणत खाली पळायची आणि काका त्यांना कठड्याशी धरून सांगायचे, "हा बाय म्हणजे देव तुमच्याबरोबर असो, याचं झिजलेलं रूप. आपला जो प्रेपोझिशनचा बाय, त्याच्याशी याचं काही नातं नाही." खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत असायचा. पोरांची रिक्षा चुकली, काकांना नाव चिकटलं.

मंत्रालयात चौतीस वर्षं काढून काका कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. शासन निर्णय ज्यांनी बघितलाय त्यांना शेवटची ओळ पाठ असेल: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. इंग्रजी मसुद्यात ही ओळ 'बाय ऑर्डर'ने सुरू होते. संविधानाच्या १६६व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, म्हणून ती घालावीच लागते. आदेश राज्यपालांचा, निर्णय मंत्र्यांचा, टिपणी खालून आलेली आणि सही काकांची. एवढ्या मोठ्या माणसांना एका दोन अक्षरी शब्दाने बांधून ठेवलेलं रोज बघितल्यावर त्या शब्दाचं वेड नाही लागलं तरच नवल. पत्रं बाय हँड गेली, बाय पोस्ट गेली, काही बाय मिस्टेक दुसऱ्याच खात्यात गेली. काकांनी सगळ्यांची आवक-जावक ठेवली.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला आणि काका शब्दाच्या मुळाशी गेले. एकदा मला गॅलरीत बोलावून म्हणाले, "अरे, या बायचा मूळ अर्थ काय ठाऊक आहे? जवळ. शेजारी. जर्मन लोक अजून त्या अर्थाने बायच म्हणतात. नदीकाठी, खिडकीपाशी, तेवढंच त्याचं काम. 'अमक्याकडून झालं' हा अर्थ त्याला नंतर चिकटला. १६११च्या बायबलातसुद्धा कर्त्याला कितीतरी ठिकाणी ऑफ लावलाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे बघ, आधी तो नुसता शेजारी उभा होता. पुढे त्यानेच केलं असं ठरलं. चौतीस वर्षांत मी दुसरं काय पाहिलं?"

हा माणूस विनोद करतो की तक्रार, हे मला आजवर कळलेलं नाही.

काकांकडे संध्याकाळी दहावीची मुलं येतात. फी नाही, चहाही नाही. टेबलावर रेन आणि मार्टिनचं व्याकरण. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजले, हे काका अशा थाटात सांगतात की दोघं एकाच कॅन्टीनला जेवत असावेत. शिकवताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो रामावर. 'रामाने बाणाने रावण मारला' हे वाक्य मराठीत बिनघोर उभं राहतं, कारण आपला तृतीयेचा 'ने' रामालाही चालतो आणि बाणालाही. इंग्रजीत रामाला बाय लागतो, बाणाला विथ. पोरं दोघांनाही बाय लावून मोकळी होतात. "बाण स्वतःहून गेला होता का रे लंकेला?" काका विचारतात. गेल्या वर्षी एका मुलाने घाबरून रामालाच विथ लावला. काका तासभर काही बोलले नाहीत.

वाहनांच्या बाबतीत ते इतके तापत नाहीत. बाय बस, बाय ट्रेन; पायी गेलात तर ऑन फूट. गाडी स्वतःची आहे हे सांगायचंच असेल तर इन माय कार. "मधे माय आली की बाय जातो, हे लिहून घ्या," काका म्हणाले. काकू अलिबागकडच्या. आतून त्यांचा आवाज आला, "अगो बाय! माय आली म्हणून बाय कशाला जाईल? राहतील की दोघी गुण्यागोविंदाने." तो नियम त्या दिवसापासून एकाही मुलाच्या डोक्यात बसलेला नाही.

काकूंचा विषय निघालाच आहे तर एका लग्नातली गोष्ट सांगायलाच हवी. मुलीकडचे पाहुणे अमेरिकेहून आले होते. त्यांना आपल्या कुटुंबाची ओळख करून देताना काका म्हणाले, 'आय हॅव टू सन्स बाय माय वाइफ.' व्याकरणाने बिनचूक वाक्य. अमक्या स्त्रीपासून झालेली मुलं हे सांगायला इंग्रज बायच वापरतो. पण ते तो एकाहून अधिक स्त्रियांचा हिशेब असेल तेव्हा वापरतो, हे काका विसरले. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एका बाई अतिशय हळू आवाजात काकूंना म्हणाल्या, "आणि बाकीची मुलं कुठे असतात?" काकूंनी काय उत्तर दिलं ते मी इथे देत नाही. पंगतीत काकांच्या पानात जिलबी आली नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यावर काकांच्या विद्येला खरं कुरण मिळालं. बायलॉजची प्रत ते गीतेसारखी कापडात बांधून ठेवतात. मी एकदा आगाऊपणा करून सांगितलं की बायलॉमधला बाय तुमचा नव्हे. बहुतेक कोशांच्या मते तो जुन्या नॉर्स भाषेतला 'गाव' आहे. व्हिटबी, डर्बी या नावांच्या शेपटाला आहे तोच. बायलॉ म्हणजे गावचा कायदा. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दार वाजवून म्हणाले, "म्हणजे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर डर्बी धावते, त्यातसुद्धा एक गाव आहे." समेट झाला.

त्यांनी सोसायटीला एकदा खरोखर वाचवलंही असतं, पण तेव्हा ते मुलाकडे पुण्याला होते. खजिनदारांनी ग्रुपवर टाकलं, 'वॉटर सप्लाय विल बी क्लोज्ड बाय फाइव्ह पीएम.' त्यांना म्हणायचं होतं, पाचपर्यंत पाणी बंद. लोकांनी वाचलं, पाचच्या आत कधीतरी बंद होईल. सगळे निवांत. सकाळी अकराला अख्ख्या इमारतीत अंगाला साबण लागलेली माणसं उभी. दोष खजिनदारांचा नव्हता, आपल्या 'पर्यंत'चा होता. 'पाचपर्यंत थांब' आणि 'पाचपर्यंत ये', दोन्हीला आपण तोच शब्द घालतो. इंग्रज पहिल्याला टिल म्हणतो, दुसऱ्याला बाय. काकांनी पुण्याहून फोनवर हे चाळीस मिनिटं समजावलं. तोवर साबण वाळला होता.

माझं मत विचाराल तर हा माणूस मला आवडतो. मराठी माणूस नाम आधी ठेवतो आणि शब्दयोगी अव्यय त्याच्या मागे लावतो. इंग्रज अव्यय पुढे धाडतो आणि नाम मागून आणतो. ही उलटापालट ज्याला गंमत वाटते असा माणूस शेजारी असणं भाग्याचं. त्यांचा आग्रहही एकच असतो: काम कुणाकडून झालं ते सांगा, बाय सोडू नका. वॉचमन म्हणाला, 'गेट उघडं राहिलं', की काका लगेच, "कुणाकडून?" पोरगा म्हणाला, 'काच फुटली', "कुणाकडून?"

गेल्या महिन्यात रात्रभर पंप चालू राहिला. गच्चीवरची टाकी भरून वाहिली, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं, दुरुस्तीला बावीस हजार लागले. त्या रात्री पंपाची किल्ली कुणाकडे होती हे वॉचमनला ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं आणि मलाही, कारण मीच ती संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिली होती. सकाळी फळ्यावर नोटीस लागली: 'दिनांक १४ रोजी रात्री अनवधानाने पंप चालू ठेवण्यात आला. सबब प्रत्येक सभासदाकडून रुपये अकराशे वसूल करण्यात येतील.'

मी विचारलं, "काका, कुणाकडून ठेवण्यात आला?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "कर्ता अज्ञात असेल किंवा त्याचा उल्लेख अनावश्यक असेल, तर बाय गाळतात. रेन आणि मार्टिन काढून बघ."

मी काढून बघितलं. नियम बरोबर आहे. अकराशे रुपये मी भरलेत, आणि नोटिशीखाली काकांच्या सहीच्या वर ठसठशीत लिहिलं आहे, 'बाय ऑर्डर'.