कानात गाइड, तोंडात घास
(नवशिक्या पर्यटकांसाठी सुलभ मार्गदर्शिका)

परदेशातल्या एखाद्या नामांकित विद्यापीठात जाऊन यावे, पण प्रवेशपरीक्षा नको, फी नको आणि बाहेर पडताना पोटही भरलेले असावे, अशी इच्छा बाळगणाऱ्यांची इटलीतल्या बोलोन्या शहराने उत्तम सोय केली आहे. या शहराला तीन टोपणनावे आहेत: विद्वान, लठ्ठ आणि लाल. लाल हे विटांच्या आणि छपरांच्या रंगावरून, आणि काहींच्या मते राजकारणावरूनही. उरलेल्या दोन नावांचे मिळून एकच तिकीट काढता येते. आर्किजिन्नाझिओ ही विद्यापीठाची जुनी इमारत ऑडिओ गाइड लावून पाहायची आणि मग स्थानिक पदार्थ चाखायचे. विद्या कानातून, लठ्ठपणा तोंडातून. ऐकायला सोपे वाटते. तसे ते नाही, म्हणून हे पाठ.

साहित्य

पूर्ण चार्ज केलेला मोबाइल, कारण गाइड बहुधा त्याच्यातच उतरवून घ्यावा लागतो. स्वतःचे इयरफोन. न चावणारे बूट. अर्धे रिकामे पोट. पूर्ण रिकामे नको, कारण चाखण्याचा कार्यक्रम शेवटी असतो आणि भुकेल्या माणसाला सोळावे शतक सहन होत नाही. शिवाय कुटुंबातील एक सदस्य, जो 'मला कशाला वेगळा गाइड, तू ऐक आणि मला सांग' असे म्हणेल. असा सदस्य प्रत्येक मराठी कुटुंबात असतोच. बाहेरून आणावा लागत नाही.

पाठ १ : इमारत सापडवणे

सान पेत्रोनिओ हे प्रचंड चर्च सापडले की त्याच्या बगलेतली लांबलचक कमानींची ओसरी पकडावी. तिच्याखाली महागडी दुकाने आहेत. नवशिके पर्यटक काचेआडच्या पर्सच्या किमतींचे रुपयांत रूपांतर करत पुढे निघून जातात आणि विद्यापीठ मागे राहते. समोरच्या चौकात हातातल्या पाटीवरच्या बेडकाकडे एकटक पाहणारा दगडी माणूस दिसला, तर समजावे की आपण बरोबर जागी आहोत. हा लुईजी गॅल्व्हानी. बेडकाच्या पायावर विजेचे प्रयोग करून त्याने शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे भांडायला विषय दिला.

आत शिरण्यापूर्वी एक साल पाठ करावे: १०८८. युरोपातले सर्वांत जुने, आजवर चालू असलेले विद्यापीठ म्हणून बोलोन्याचा मान आहे आणि त्याची स्थापना या वर्षी झाली असे मानतात. हे वर्ष एकोणिसाव्या शतकात कवी कार्दुच्चीच्या नेतृत्वाखालच्या समितीने ठरवले. पुढे १८८८ साली आठशे वर्षे नेमकी भरली आणि थाटात उत्सव झाला, हा योगायोग समजून सोडून द्यावा.

पाठ २ : प्ले बटण दाबणे

भाषांच्या यादीत मराठी शोधू नये. इंग्रजी निवडावी आणि निवेदकाच्या खानदानी उच्चारांना घाबरू नये. चौथ्या क्रमांकापर्यंत कान बसतो. 'तुमच्या डावीकडे पाहा' असे ऐकू आल्यावर आधी आपले तोंड कोणत्या दिशेला आहे याचा शोध घ्यावा. जिन्यावर उभे राहून संग्रहालयाचे निवेदन ऐकणारे आणि छताकडे पाहत तळमजल्याची माहिती घेणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांना हसू नये. पाच मिनिटांनी तुम्ही तिथेच असाल.

बरोबरच्या सदस्याने 'काय म्हणतोय?' असे विचारल्यास 'सोळाव्या शतकातलं आहे' असे उत्तर द्यावे. या इमारतीत ते बहुतेक वेळा बरोबर येते.

पाठ ३ : भिंती वाचणे

अंगणात, जिन्यांवर, छतांवर, जिथे मान वळेल तिथे रंगीत ढाली दिसतील. ही विद्यार्थ्यांची कुलचिन्हे. सुमारे सहा हजार शिल्लक आहेत, नावांसह आणि गावांसह. सगळी वाचायला जाऊ नये. एक निवडावे आणि त्यावरचे नाव जमेल तसे वाचावे. बाकीच्यांना समजून घेण्याचा तोच रस्ता आहे. किल्ल्यांच्या भिंतींवर बदामात नावे कोरणाऱ्यांनी इथून स्फूर्ती घेऊ नये. इथे नाव झळकायला आधी विद्यापीठात दाखल व्हावे लागे.

ऑडिओ गाइड तुम्हाला सांगेल की ही इमारत १५६२-६३ मध्ये, पोप चौथा पायस याच्या काळात, कार्डिनल बोर्रोमेओच्या पुढाकाराने, तेर्रिबिलिया या टोपणनावाच्या वास्तुविशारदाने उभी केली. म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांत. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या बांधकामांशी तुलना करू नये. आपण सहलीला आलो आहोत.

बांधण्याचे कारण मात्र नीट ऐकावे. तोवर वर्ग शहरभर विखुरलेले होते. त्यातून जुन्या काळी बोलोन्यात विद्यार्थ्यांच्या संघटनाच शिक्षक नेमत, आणि शिक्षक उशिरा आले तर दंडही करत. एकीकडे कायदा शिकणारे, दुसरीकडे वैद्यक, तत्त्वज्ञान, गणित शिकणारे. पोपच्या राज्याने या सगळ्यांना एका छपराखाली आणले. छप्पर सुंदर आहे. छपराखाली आणलेल्यांवर लक्ष ठेवणेही सोपे जाते, हे सुंदर छपरे बांधणाऱ्या सर्वच राज्यकर्त्यांना ठाऊक असते. शेजारच्या सान पेत्रोनिओचा विस्तार रोमच्या सेंट पीटर्सपेक्षा मोठा होऊ नये म्हणून ही इमारत मुद्दाम मध्ये घातली, असेही गावात सांगतात. चर्चचा दर्शनी भाग आजही अर्धा संगमरवरी आणि अर्धा उघड्या विटांचा आहे.

या टप्प्यावर कुणीतरी 'इथेच कोपर्निकस शिकला' असे म्हणेल. तो बोलोन्या विद्यापीठात १४९६ ते १५०० या काळात होता, ही इमारत त्यानंतर साठेक वर्षांनी झाली. ही दुरुस्ती मनातल्या मनात करावी. मोठ्याने केल्यास जेवणाच्या टेबलावर शेजारी कुणी बसत नाही.

पाठ ४ : दालनात खुर्ची दिसली तरी न बसणे

कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या दालनाला आता स्ताबात मातेर दालन म्हणतात. १८४२ साली रोस्सिनीच्या त्या नावाच्या रचनेचा इटलीतला पहिला प्रयोग इथे झाला आणि संगीत संचालन दोनिझेत्तीने केले. विद्यापीठ १८०३ मध्ये दुसरीकडे हलले आणि १८३८ पासून इथे शहराचे ग्रंथालय आहे. म्हणून बोलणे हळू, मोबाइलचा स्पीकर बंद आणि पिशवीतला चिवडा पिशवीतच.

पाठ ५ : ऑडिओ गाइड बंद करणे

हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत अवघड पाठ. शरीररचनेच्या प्रेक्षागृहात पाऊल टाकताच पॉजचे बटण दाबावे.

खोली पूर्ण लाकडाची. मधोमध संगमरवरी टेबल, भोवती चढत्या रांगांची बाके. टेबलावर प्रेत ठेवून विच्छेदन होई, ते थंडीत, कारण उन्हाळ्यात प्रेतही टिकले नसते आणि प्रेक्षकही. दिवस कार्निव्हलचे असत आणि विद्यार्थ्यांबरोबर गावातले लोकही, काही तर मुखवटे चढवून, हे पाहायला गर्दी करत. वर छताला मध्यभागी अपोलो, भोवती नक्षत्रे. चाकूखालच्या माणसाचे ग्रह त्याच्या डोक्यावरच असत.

आता अध्यापकाच्या आसनाकडे पाहावे. वरचे छत दोन माणसांनी पेलले आहे आणि त्या दोघांच्याही अंगावर कातडी नाही. स्नायूंचा पीळ न् पीळ मोकळा, आणि उभे राहण्याची ऐट मात्र दरबारी. एर्कोले लेल्लीच्या आराखड्यावरून हे १७३४ साली कोरले गेले. आणखी वर शरीररचनाशास्त्राची देवी बसली आहे. पंख असलेला एक बाळसेदार पोरगा तिला काहीतरी भेट देतो आहे. नवशिके त्याला फूल समजतात. ते मांडीचे हाड आहे.

२९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ही खोली जमीनदोस्त झाली होती. ढिगाऱ्यातून मूर्ती वेचून काढल्या आणि युद्धानंतर सगळे पूर्वीसारखे उभारले. गाइड हे सांगतो, पण त्याच्या आवाजात आणि लिफ्टमधल्या आवाजात फरक नसल्याने आपल्याला ते लागत नाही. म्हणून पॉज.

पाठ ६ : नाक शोधणे

भिंतींच्या कोनाड्यांत जुन्या वैद्यांचे पुतळे आहेत. त्यांतला एक हातात नाक धरून उभा आहे. स्वतःचे नव्हे, ते जागेवर आहे. हा गास्पारे तालियाकोत्सी (१५४५-१५९९). नाक कापले गेलेल्यांना तो दंडाच्या कातडीचे नवे नाक लावून देई. त्यासाठी रुग्णाचा हात दोन-तीन आठवडे डोक्याला बांधून ठेवावा लागे. १५९७ साली त्याने यावर ग्रंथ लिहिला. वैद्यकात ही 'इटालियन पद्धत'. तिच्या शेजारी पाठ्यपुस्तकात दुसरे नाव येते, 'भारतीय पद्धत', आणि तिचा नावाजलेला दाखला आहे पुण्याजवळचा.

कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजी सैन्याबरोबर होता. १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. नाक आणि एक हात गमावून परत आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नाक लावले. मेणाचा पातळ पत्रा करून नाकाचा आकार घेतला, तो कपाळावर पसरून रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, भुवयांमधला एक सांधा तसाच ठेवून ती खाली वळवली आणि बसवली. वर पाण्यात कालवलेला काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेली कापडे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो सांधा कापला. मुंबईकडच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले, चित्रकार जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते सारे छापून आले. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

त्या मजकुरात कुंभाराचे नाव नाही. इथे खाली अंगणात नुसत्या शिकून गेलेल्यांचीही नावे रंगवलेली आहेत. बरोबरच्या सदस्याला हे इथेच सांगावे. 'काय म्हणतोय?' या प्रश्नाला गाइडने न दिलेले उत्तर देण्याची संधी पुन्हा येत नाही.

पाठ ७ : चाखणे

चाखणे म्हणजे जेवण नव्हे, हे मनाला आधीच समजवावे. लाकडी पाटावर गुलाबी चकत्या येतील. ती मोर्तादेल्ला: डुकराचे मांस, आत पांढऱ्या चरबीचे चौकोन. 'हे चिकन आहे का?' असे विचारू नये. उत्तर गेली काही शतके 'नाही' असेच आहे. चीजच्या तुकड्याला मात्र बहुतेक जण निर्धास्त हात घालतात. पार्मिज्यानो किमान बारा महिने मुरवतात, कापत नाहीत, फोडतात, आणि दाताखाली त्याचे बारीक कण कुरकुरतात. पण ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते, तेव्हा कडक शाकाहाऱ्यांनी निर्णय तुकडा तोंडात जाण्यापूर्वी घ्यावा. वर मोदेनाच्या बाल्सामिकोचा काळा थेंब पडेल. खरा पारंपरिक असेल तर निदान बारा वर्षे पिंपात मुरलेला. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला तो लगेच ओळखीचा लागतो. म्हणून वाटीभर मागू नये.

'स्पॅगेटी बोलोन्येज' मागितल्यास वाढणारा माणूस सभ्यपणे दुसरीकडे पाहील. इथे खिम्याचा रागू तालियातेल्लेबरोबर खातात. त्या तालियातेल्लेची शिजल्यावरची रुंदी आठ मिलिमीटर, अशी नोंद १९७२ साली नोटरीकरवी इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये झाली आहे आणि नमुन्यादाखल सोन्याची एक पट्टीही आहे. आपल्याकडे शेवयांची जाडी अशी नोंदवायची ठरली असती, तर सासू-सुनेचा दावा अजून हायकोर्टात पडून असता.

एवढे करून पोट भरले नाही तर मागच्या क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांत ओस्तेरिया देल सोले शोधावी. १४६५ पासून चालत आलेली ही खानावळ फक्त पेये विकते. खाणे गिऱ्हाइकाने स्वतः आणायचे. घरून निघताना पिशवीत कोंबलेली भाकरवडी युरोपात राजरोस उघडता येईल अशी याहून प्रतिष्ठित जागा मिळणार नाही.

पाठ ८ : परत आल्यावर

ग्रुपवर शेकडो फोटो टाकू नयेत. 'काय पाहिलं?' असे कुणी विचारले तर 'खूप जुनं विद्यापीठ, फार छान मेंटेन केलंय' हे उत्तर देऊ नये; त्यासाठी तिकीट लागत नाही. हातात नाक धरलेल्या माणसाबद्दल आणि पुण्याजवळच्या कुंभाराबद्दल, मोबाइल न उघडता, पाच मिनिटे बोलता आले तर पैसे वसूल झाले. कान आणि जीभ सहलवाले भाड्याने घेतात. डोळे तेवढे आपल्याकडेच राहतात, त्यांचा वापर करावा.