काळ्या मार्करास खुले पत्र

प्रति,
मा. काळा मार्कर,
माहिती अधिकार टेबल, सर्व शासकीय कार्यालये, सातारा व सांगली जिल्हे.

विषय : कागद काळे करण्याच्या कामाबाबत.

महोदय,

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 10 प्रमाणे कागदातला देण्याजोगा भाग द्यायचा आणि न देण्याजोगा तेवढाच वगळायचा असतो. दोन ओळींसाठी अख्खी नस्ती दाबून ठेवण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. ही उणीव भरून काढण्याचे श्रेय सदर मार्करास जाते.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगली शहरात शिरली. अशा पुरानंतर सानुग्रह अनुदानाच्या याद्या होतात. त्यांसाठी नाव नि रकमेबरोबर बँक खाते, मोबाइल, आधार क्रमांक असे सगळेच गोळा केले जाते. मदत कोणाला, किती मिळाली हे गावाला कळायला हवे; खाते, मोबाइल आणि आधार झाकायला हवेत. मार्करचा ओढा नेमका उलटा असतो : आधार उघडा, रक्कम काळी.

काळे करण्याचीही रीत आहे. मूळ कागदाला हात लावायचा नाही. झेरॉक्सवर फासायचे आणि तिची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्यायची. नाहीतर कागद उजेडाला धरला की आकडे दिसतात. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ठेवली तर खालचा मजकूर तसाच राहतो. निवडून दुसरीकडे चिकटवला की झाले. अमेरिकेत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांची 2019 मध्ये कोर्टातच अशी फजिती झाली, तेव्हा तालुक्याच्या संगणकचालकाला बोल लावण्यात अर्थ नाही. एक्सेलमधला लपवलेला रकाना तर परत आणायला क्लिकही फार लागत नाहीत.

मार्करला खरी बढती मिळाली ती 2025 च्या नोव्हेंबरमध्ये. पूर्वी कलम 8(1)(ञ) खाली माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे पाहावे लागे. डेटा संरक्षण कायद्याने ही अट काढली. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द पुरतात. जनहित मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा देणारे कलम 8(2) मात्र अजून जिवंत आहे. शिवाय 20 वर्षांपूर्वीच्या बाबींना ही सबब चालत नाही. कोयना धरणग्रस्तांच्या जमीनवाटपाच्या जुन्या नस्त्यांवर शाई खर्ची घालण्याचे कारण उरत नाही.

भाग वगळला की अर्जदाराला कारण कळवावे लागते. निर्णय घेणाऱ्याचे नाव आणि पदनामही द्यावे लागते. आकृतिबंधात ‘मार्कर’ असे पद मंजूर नाही.