मनगटावरचा सीमाप्रश्न

सीमाभागातल्या माणसाला दोहोंतून एक निवडायची सवय लहानपणापासून असते. शाळा मराठी की कन्नड, कॉलेज कोल्हापूरला की धारवाडला, दुखणं बळावलं तर मिरज की हुबळी. एवढ्या सरावानंतरही, तंबाखूला बरा दर मिळालेल्या एखाद्या वर्षी निपाणीच्या माणसाच्या मनात पाणबुड्याचं भारी घड्याळ घ्यायचं येतं आणि तो रोलेक्स सबमरीनर की ओमेगा सीमास्टर या प्रश्नाशी अडून बसतो. बेळगावातही हाच पेच पडू शकतो, तिथं फक्त तंबाखूच्या जागी प्लॉट विकलेला असतो. अशा सर्व अडलेल्यांसाठी ही मार्गदर्शिका. पायऱ्या क्रमानं चढाव्यात.

पायरी १ : गरज सिद्ध करणे

पाणबुड्याचं घड्याळ म्हणवून घ्यायला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान १०० मीटर खोलीचा दाब सोसावा लागतो. आपली दोन्ही घड्याळं ३०० मीटरची आहेत. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच. म्हणजे जवळपास सहा गोकाक एकावर एक रचून त्यांच्या तळाशी उभं राहिलात, तरी काच फुटणार नाही. तुमचं काय होईल, याची हमी कंपनी देत नाही.

आपल्याकडे पाण्यात उतरायचं म्हणजे विहिरीत मुटका मारायचा, आणि मे महिन्यात त्या विहिरीतही कमरेएवढंच पाणी. तेव्हा गरज काही सिद्ध होत नाही. पण त्यावरून खचू नये. बेळगावात २०१२ साली कर्नाटकाचं सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. तिथं वर्षाकाठी साधारण दोन आठवडे अधिवेशन भरतं आणि उरलेलं वर्ष ते महामार्गावरून बघायला असतं. तुमच्या ३०० मीटरचंही तसंच समजा.

पायरी २ : घराणं पाहणे

सोयरीक जमवताना पाहतो तेवढंच पाहायचं. सबमरीनर १९५३ सालची. सीमास्टर हे नाव १९४८ पासूनचं, पण आज दुकानात दिसते ती ३०० मीटरवाली पाणबुडी शाखा १९९३ ची. म्हणजे घराणं जुनं, पाती नवी.

जेम्स बाँडचा दाखला दोन्ही बाजू देतात आणि दोन्ही खऱ्या असतात. १९६२ च्या पहिल्या चित्रपटात त्याच्या हातात सबमरीनर होती, १९९५ पासून सीमास्टर आहे. दोन्ही राज्यांतलं पक्षांतर पाहिलेल्या वाचकाला याचं नवल वाटायचं कारण नाही. बाँडनं निदान मधल्या काळात रिसॉर्टवर मुक्काम केल्याचं ऐकिवात नाही.

पायरी ३ : स्थानिक निकषांवर तपासणी

चावी : दोन्ही घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात. काढून ठेवल्यावर सबमरीनर सुमारे ७० तास चालते, सीमास्टर ५५. शुक्रवारी संध्याकाळी सहाला घड्याळ कपाटात ठेवून तुम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेलात, असं धरा. (घालून जाऊ नये. देवीचा भंडारा उधळतो तिथं हात वर करावा लागतो, आणि वर गेलेल्या हाताकडे सगळ्यांचंच लक्ष असतं.) सोमवारी सकाळी परत आलात तर सबमरीनर चालू सापडेल. सीमास्टर रविवारी मध्यरात्र उलटल्यावर थांबलेली असेल. सबमरीनरला एक गुण.

चुंबक : सीमास्टर १५,००० गॉसचं चुंबकक्षेत्र सोसते, तसं प्रमाणपत्रच तिला असतं. हे कशाला, असं विचारणाऱ्यानं बेळगावची गणेश विसर्जन मिरवणूक पाहिलेली नसावी. ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि डॉल्बीच्या प्रत्येक स्पीकरच्या पोटात चुंबक असतं. शिवाय कपिलेश्वर तलावापाशी गुडघाभर पाण्यात उतरायची संधी मिळते. पाणबुड्याच्या घड्याळाला आपल्याकडे याहून मोठं कार्य नाही. सीमास्टरला एक गुण.

हेलियमची झडप : सीमास्टरच्या अंगाला, दहाच्या आकड्यापाशी, एक जादा बोंडी असते. समुद्राच्या तळाशी दिवसचे दिवस दाबाच्या कोठडीत राहणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळात हेलियम शिरतो. वर येताना तो बाहेर पडला नाही तर काच उडते, म्हणून ही सोय. निपाणीच्या हवेत जे आहे ते तंबाखूचं आहे, आणि त्याला वाट करून द्यायला शिंक पुरते. गुण कुणालाच नाही.

अचूकपणा : रोलेक्सचा शब्द दिवसाला दोन सेकंद मागे किंवा पुढे. ओमेगाचा शब्द, मागे मुळीच नाही, पुढे फार तर पाच सेकंद. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आणि अक्षता पडतात सव्वा वाजता, अशा प्रदेशात हा निकष रद्द समजावा.

फिरतं कडं : काचेभोवतीचं कडं मिनिटं मोजायला असतं आणि ते एकाच दिशेला फिरतं. चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्तच दिसावा आणि माणूस वेळेआधी पाण्याबाहेर यावा, हा त्यातला हेतू. आपण ते प्रमुख पाहुण्यांसाठी वापरावं. ‘साहेब निघालेत’ असा निरोप आला की कडं लावायचं. मात्र त्याची धाव ६० मिनिटांची. सीमाप्रश्न तापला आणि कोगनोळीजवळ एसटी अडली, तर ते पुरत नाही. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याला तर घड्याळच लावू नये, तिथं कॅलेंडर लागतं.

पायरी ४ : खरेदीचं गाव ठरवणे

खरा पेच इथं आहे. बेळगावहून मुंबई साधारण पाचशे किलोमीटर आणि बेंगळुरूही साधारण पाचशेच. घड्याळावर १८ टक्के जीएसटी, त्यातला निम्मा ज्या राज्यात दुकान त्या राज्याला. म्हणजे पाच-सहा लाखांच्या सीमास्टरपायी किंवा आठ-दहा लाखांच्या सबमरीनरपायी तुम्ही एका सरकारच्या तिजोरीत चांगली घसघशीत भर घालणार. इतकी भरीव निष्ठा मोर्च्यात घोषणा देऊन दाखवता येत नाही. रोख नेऊ नये. २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला दुकानदाराला बंदी आहे. किंमत दहा लाखांपुढे गेली तर २०२५ पासून आणखी १ टक्का कर तिथंच कापतात, म्हणून पॅनकार्ड विसरू नये.

बेंगळुरूचं नाव निघताच ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांनी थोडं मागं पाहावं. एचएमटीची घड्याळं १९६१ पासून बेंगळुरूला बनू लागली आणि पुढं कित्येक वर्षं सीमाभागातल्या जावयांना लग्नात तीच मिळाली. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला संभाजी उद्यानातून फेरी निघायची, तेव्हा दंडाला काळी फीत आणि मनगटाला एचएमटी अशी माणसं तीत असायचीच. बेंगळुरूनं सांगितलेली वेळ त्यांनी कधी नाकारली नाही. त्यांचं भांडण नकाशाशी होतं, आणि फेरी वेळेवर निघायला घड्याळ लागतंच.

कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, हा नियम दुकानाच्या फलकाला आहे. डायलला अजून लागू झालेला नाही.

पायरी ५ : लोकमताला सामोरे जाणे

खडेबाजारात ओळखीचा माणूस भेटणार आणि संवाद ठरल्याप्रमाणे होणार.

‘काय गा, नवं घेतलास काय घड्याळ?’

‘होय की.’

‘रोलेक्स? डुप्लिकेट तर भारी मिळालंय. मलाबी एक आण की.’

आठ-दहा लाख मोजल्यावर हे ऐकायची तयारी असेल तरच सबमरीनर घ्यावी. तिचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच ती खरी आहे यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पावती खिशात बाळगून उपयोग नाही, कारण पावती पाहिल्यावर लोक उसने पैसे मागतात. सीमास्टर फारशी कुणी ओळखत नाही, त्यामुळे संशयही घेत नाही. घरात मात्र दोन्हींना एकच प्रश्न येतो, या पैशात किती तोळे आले असते. त्याला उत्तर देऊ नये.

निर्णय

एक बाब मुद्दाम शेवटी ठेवली आहे. सबमरीनर पैसे घेऊन गेलं म्हणून मिळेलच असं नाही. दुकानात नाव नोंदवायचं, घरी यायचं आणि बोलावणं येईपर्यंत थांबायचं, अशी रीत आहे. ती बाकीच्या जगाला जाचक वाटते. आपल्याला ती नव्यानं शिकायची नाही. १९५६ ला राज्यरचना झाली, सीमाप्रश्नावर १९६६ ला महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, २००४ ला दावा दाखल झाला. मधल्या काळात निवेदनं, स्मरणपत्रं, शिष्टमंडळं. रोलेक्सच्या यादीत उभं राहायला याहून तयार गिऱ्हाईक पृथ्वीवर नसेल.

पण एवढ्याच कारणासाठी एक प्रतीक्षा पुरे. तेव्हा समोर मिळते ती सीमास्टर घ्यावी, हातात बांधावी आणि रोजचे व्यवहार तिच्यावर चालवावेत. सबमरीनरसाठी मात्र नाव नोंदवून ठेवावं आणि दरवर्षी एक स्मरणपत्र धाडावं. बोलावणं येवो न येवो, मागणी सोडायची नसते.