भाजीची वसुली

उभी हयात महसूल खात्याच्या चाकरीत घालवून, बेरक्यातल्या बेरकी खातेदाराकडून जुनी थकबाकी गोडीगुलाबीने, तगाद्याने, अगर निरुपाय झाल्यास जप्तीच्या नोटिशीने वसूल करण्याची विद्या ज्याने हस्तगत केली, त्या माझ्यासारख्या मनुष्यास स्वतःच्या अडीच वर्षांच्या नातीच्या मुखात दोडक्याची एक फोड घालता येऊ नये, यास दैवदुर्विलास म्हणावे नाही तर काय! घरात तिला सर्वजण ताईसाहेब म्हणतात, आणि त्या किताबास साजेसा त्यांचा दरबार रोज जेवणाच्या वेळी पाटावर भरतो.

ताईसाहेबांचा भाजीमात्रास विरोध आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बटाट्याविषयी त्यांनी आजतागायत हरकत घेतलेली नाही. तक्रार आहे ती हिरव्या रंगाची. काऊचा घास, चिऊचा घास हा पिढीजात उपाय त्यांनी प्रारंभीच मोडीत काढला. चिऊचा घास चिऊलाच द्यावा, असा निवाडा देऊन त्यांनी खिडकीकडे बोट दाखवले, आणि त्या निवाड्यावर अपील करण्यास आम्हांस कोठे जागा सापडेना. तेव्हा सूनबाईंनी कपटनीतीचा आश्रय केला. दुधी किसून थालीपिठात, पालक वाटून पुऱ्यांच्या कणकेत, लाल भोपळा गुळाबरोबर शिजवून घारग्यांत, अशी भाज्यांची वेषांतरे सुरू झाली. घारग्या तत्काळ मंजूर झाल्या. अर्थात त्याचे श्रेय भोपळ्यास की गुळास, याची चौकशी न केलेली बरी. मेथीचे थालीपीठ मात्र उघडकीस आले. ताईसाहेबांनी घास घेतला, क्षणभर एका गालात ठेवला, आणि जिभेच्या टोकावर मेथीचे एक पान, अगदी अखंड, बाहेर आणले. दोन बोटांच्या चिमटीत धरून ते उजेडाकडे न्याहाळले, व ताटाच्या कडेला, आधीच हस्तगत केलेल्या कोथिंबिरीच्या शेजारी, मुद्देमाल म्हणून ठेवून दिले. त्यानंतर निष्पाप बेसनाच्या पोळ्याचीही झडती होऊ लागली.

आमच्या सौभाग्यवतींच्या मते हा सारा लाडांचा परिणाम असून लाड कोणाचे, हे त्या माझ्याकडे पाहून सांगतात. परंतु शास्त्राची साक्ष ताईसाहेबांच्याच बाजूची आहे. मूल चालू लागले, की हाताला येईल ते तोंडात घालण्याची सोय होते, आणि वनस्पतींतली पुष्कळ विषे चवीला कडू असल्यामुळे अनोळखी व कडवट वस्तूंविषयी निसर्गाने या वयात जबर संशय पेरून ठेवला आहे, असे तज्ज्ञ मानतात. तेव्हा मेथीचे पान बाहेर काढणारी ही बालिका वस्तुतः आत्मरक्षणाचा सनातन हक्क बजावीत असते. 1928 साली क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी तर एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. नुकती अंगावरून तोडलेली बाळे, त्यांच्यापुढे तऱ्हेतऱ्हेच्या साध्या खाद्यांचे तबक, आणि दाईस सक्त ताकीद, की आग्रहाचा शब्द काढावयाचा नाही. बाळे आपापल्या लहरीने जेवली आणि धष्टपुष्ट झाली. मुडदूस झालेल्या एका बाळाने तर पुढे ठेवलेले माशाचे तेल आपखुशीने प्राशन केले, व दुखणे हटताच सोडून दिले! हा वृत्तांत मी मोठ्या उत्साहाने सूनबाईंस वाचून दाखवला. त्या तबकात साखर किंवा मैद्याचा एकही पदार्थ नव्हता, ही त्यातली मेख मी जराशा घाईने वाचली. तथापि सूनबाईंनी ती ऐकली, आणि त्यांची दृष्टी माझ्या कोटाच्या खिशावर, म्हणजे लिमलेटच्या गोळ्यांवर, स्थिर झाली.

गोळ्या त्याच सायंकाळी सरकारजमा झाल्या.

शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला. नवी भाजी मुलाच्या पसंतीस उतरण्यापूर्वी दहा-पंधरा वेळाही पुढे ठेवावी लागते, जबरदस्ती मुळीच करू नये, येथवर सर्व सुरळीत होते. पण जाता जाता ते म्हणाले, की घरातल्या वडीलधाऱ्यांनी तीच भाजी मुलासमोर आवडीने खावी, आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण दोडका, पडवळ आणि शेपू या त्रयीशी माझा विवाहापासून अलिखित तह होता: त्यांनी माझ्या ताटात यावयाचे नाही आणि मी त्यांची निंदा करावयाची नाही. सौभाग्यवतींनी तो दुसऱ्याच दिवशी रद्द केला.

आता पाटासमोर पाट मांडलेला असतो. ‘आधी आजोबा,’ असा हुकूम सुटतो. मी दोडक्याची फोड तोंडात घालतो. ताईसाहेब घास सोडून माझा चेहरा निरखीत राहतात, आणि भुवई जरा वाकडी झाली तर सगळी सुनावणी तहकूब होते. परवा मात्र मी इतक्या निर्विकारपणे गिळले, की त्यांनी स्वतःची फोड उचलून जिभेला लावली, चाटली, विचार केला, आणि माझ्या ताटात ठेवून म्हणाल्या, ‘छान आहे. तुम्ही खा.’

सूनबाईंच्या लेखी ही मोठीच प्रगती आहे. गुरुवारी शेपू आहे.